वासराच्या भाकणुकीला '-मॅन्सी' वाला शब्द आहे का?

बाळीवेसकर

मंडळी, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते, तिच्यावर इंग्रजीत छोटा लेख लिहायचा आहे. सोलापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. होम मैदानावर सिद्धेश्वराच्या कथेतल्या कुंभारकन्येचा होम झाला की मानकऱ्यांच्या वासराची पूजा होते. वासरू दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. मग त्याच्यापुढे धान्य, गूळ, ऊस, बोरं, गाजर असं सगळं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, काय नुसतं हुंगून सोडतं, बिथरतं की शांत राहतं, मूत्र टाकतं का, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. ज्याला तोंड लावलं त्याचे भाव चढणार, कशालाच लावलं नाही तर भाव स्थिर, असं धरतात.

आता शब्दाचं बघू. भविष्य पाहण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना इंग्रजीत '-मॅन्सी' हा प्रत्यय लागतो. नेक्रोमॅन्सी बऱ्याच जणांनी ऐकलेला असेल. शोधायला बसलो तर रांगच लागली. पायरोमॅन्सी म्हणजे आगीवरून, हायड्रोमॅन्सी पाण्यावरून, कॅप्नोमॅन्सी धुरावरून, टायरोमॅन्सी चक्क चीजवरून. मूळ ग्रीक आहे: 'मान्तिस' म्हणजे भविष्य सांगणारा, 'मान्तेइआ' म्हणजे त्याचं ते सांगणं. लॅटिनमध्ये त्याचं 'मान्तिया' झालं आणि जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं.

प्रश्न असा की वासरावरून भविष्य पाहण्याला असा एखादा शब्द आहे का? आणि तुम्हाला असे आणखी शब्द माहीत असतील तर ते, आणि त्यांच्या जोडीला आपल्याकडे काय चालतं, तेही लिहा. मला हे शब्द फार आवडलेत. पुढचा अर्धा भाग कळला की अख्खी पद्धत डोळ्यांपुढे उभी राहते.

शेंगाचटणी

चीजवरून भविष्य? दूध नासलं तर दिवस वाईट जाणार, इतकं मलाही सांगता येतं.

बाळीवेसकर

@शेंगाचटणी, गंमत म्हणजे चीजवाल्यांवर खुद्द ग्रीकांचाही भरवसा नव्हता. दुसऱ्या शतकातल्या आर्तेमिदोरसने स्वप्नांच्या अर्थांवर मोठा ग्रंथ लिहिलाय. खोटं सांगणाऱ्या भविष्यवाल्यांची यादी त्यात आहे आणि तिच्यात चीजवाले आणि चाळणवाले दोघंही आहेत. चाळणवाल्यांच्या विद्येचं नाव कॉस्किनोमॅन्सी. 'कोस्किनोन' म्हणजे चाळण.

होटगीरोड

मेलेल्यांशी बोलतात ते नेक्रोमॅन्सी ना? गेममध्ये तर नेक्रोमॅन्सर हाडाचे सापळे उठवून लढायला पाठवतो. आणि पायरोमॅन्सर आगीचे गोळे फेकतो. त्यात भविष्य कुठं आलं?

पोथीपुराण

@होटगीरोड, गेमवाल्यांनी '-मॅन्सी'चा अर्थ सरळ 'जादू' करून टाकलाय. पण त्यांच्याही आधी एक घोटाळा झाला होता. 'नेक्रोस' म्हणजे प्रेत. मृतांना बोलावून त्यांच्याकडून पुढचं विचारून घ्यायचं, ती मूळची नेक्रोमॅन्सी. ओडिसीच्या अकराव्या सर्गात ओडिसियस खड्डा खणतो, त्यात मेंढ्यांचं रक्त ओततो आणि मेलेल्या तिरेसिअस द्रष्ट्याला घरी पोचण्याचा मार्ग विचारतो. मध्ययुगातल्या लॅटिनवाल्यांना 'नेक्रो' कळेना, त्यांनी त्याचं 'निग्रोमान्तिया' केलं. 'निगेर' म्हणजे काळा. म्हणजे एका चुकीच्या फोडीमुळं प्रेतविद्येची काळी विद्या झाली, आणि एकदा काळी विद्या म्हटल्यावर तिच्यात जादूटोणा यायला वेळ लागत नाही. गेममधला तुमचा सापळेवाला तिथून निघालाय.

पायरोमॅन्सी मात्र साधी होती. यज्ञाच्या ज्वाळा कशा उठतात, एक शेंडा होतो की दोन, त्यावरून बघायचं. गोळे कुणी फेकत नव्हतं.

भूलतज्ज्ञ

धागा वाचता वाचता आमचं ऑपरेशन थिएटरच डोळ्यांपुढे आलं. यातले निम्मे शब्द आम्ही रोज वापरतो, फक्त मागचं शेपूट वेगळं असतं.

भूल दिलेल्या माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. 'काप्नोस' म्हणजे धूर. पडद्यावर प्रत्येक श्वासागणिक चौकोनी टेकडीसारखी रेघ उठते. टेकडी सपाट झाली की नळी निसटली का, श्वास थांबला का, हे आधी बघावं लागतं. यज्ञाचा धूर सरळ वर जातोय की जमिनीलगत पसरतोय हे बघणारा जुना ग्रीक आणि मॉनिटरकडे बघणारे आम्ही, दोघांनीही शब्द एकच उचललाय.

'खेइर' म्हणजे हात. त्यावरून कायरोमॅन्सी, म्हणजे हस्तसामुद्रिक. आणि 'खेइर'ला 'एर्गोन', म्हणजे काम, जोडलं की होतं 'खेइरुर्गिया', हाताचं काम. तेच झिजत झिजत झालं सर्जरी. हात बघणारा आणि हातानं कापणारा शब्दांच्या घरात सख्खे शेजारी आहेत.

'ओनिक्स' म्हणजे नख. नखाला बुरशी लागली की आम्ही ओनिकोमायकोसिस लिहितो. ओनिकोमॅन्सी म्हणजे नखावर तेल चोळून त्यात उमटणाऱ्या प्रतिबिंबात बघणं. आणि हो, ओनिक्स नावाचा खडाही यातलाच.

अक्का_अक्कलकोट

अगोबाई! डॉक्टर, हे तर आमच्याकडचं अंजन झालं. आमच्या लहानपणी गावात काही चोरीला गेलं की अंजनवाला बोलवायचे. तो एखाद्या लहान पोराच्या अंगठ्याच्या नखावर काजळ चोपडायचा, वर तेलाचा थेंब. पोराला उन्हात बसवून विचारायचा, झाडणारा आला का? पाणी मारणारा आला का? पोरगं आपलं हो हो म्हणायचं. शेवटी, चोर दिसला का? आणि पोरगं घाबरून कुणाचं तरी वर्णन करायचं. ज्याचं वर्णन जुळलं त्याची गावभर शोभा. माझ्या चुलत आजोबांच्या गड्यावर असाच आळ आला होता. भांडं नंतर हौदात सापडलं.

बाळीवेसकर

अक्का, हुबेहूब तेच! युरोपातल्या ओनिकोमॅन्सीच्या वर्णनातही लहान मुलगाच बसवतात आणि नखं उन्हाकडे धरायला लावतात. लहान पोर खोटं बोलणार नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

भुईकोट

मला या धाग्याचा सूर पटत नाही. अक्कांनी सांगितलेला गडी आळ घेऊन जगला, त्याला तुम्ही ग्रीक नाव देऊन कौतुक करताय. गोड नाव दिलं म्हणून अंधश्रद्धेचं शास्त्र होत नाही. पावसाचं सांगायला हवामान खातं आहे. वासराला दिवसभर उपाशी ठेवणं हेही मला बरोबर वाटत नाही.

बाळीवेसकर

@भुईकोट, नाव मिळाल्यानं कुठलीच गोष्ट खरी होत नाही, याबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण नावं मिळाली म्हणून निदान नोंद तरी झाली. अंजनवाल्याचं अक्कांनी लिहिलं ते आज कुठं लिहिलेलं सापडतं? लोक काय करत होते, कशाला घाबरत होते, कुणावर आळ घेत होते, हे त्या शब्दांतून कळतं. मला तेवढ्यासाठी हे हवंय.

काळीभोरमाती

भुईकोट भाऊ, एक शेतकरी म्हणून सांगतो. भाकणुकीवर पेरणी करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. आपला जिल्हा रब्बीचा, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. ज्वारी पेरायची ती ढेकूळ हातात फोडून, वाफसा बघून. गड्ड्याला जायचं ते सिद्धेश्वरासाठी, मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांसाठी. भाकणूक ऐकायची, चार दिवस पारावर बोलायची, आणि सप्टेंबरात आभाळाकडंच बघायचं.

माझा राग आहे तो पाणाड्यांवर. त्यांना काही ग्रीक नाव असेल तर सांगा, निदान नाव घेऊन शिव्या देता येतील.

पोथीपुराण

आहे की. ऱ्हॅब्डोमॅन्सी. 'ऱ्हाब्दोस' म्हणजे काठी, छडी. काठीनं पाणी, खनिज, पुरलेलं धन शोधणं.

भूलतज्ज्ञ

आणि व्यायामाच्या अतिरेकानं किंवा अपघातात चिरडून स्नायू विरघळायला लागतात, मूत्र कोकाकोलासारखं होतं, त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तीच काठी.

काळीभोरमाती

ऱ्हॅब्डोमॅन्सी. घ्या, लिहून ठेवतो.

आमच्या मोहोळकडच्या रानात झालेली गोष्ट. थोरल्या भावानं पाणाड्या आणला. उंबराची बेचक्याची फांदी, दोन टोकं दोन्ही मुठीत उलटी धरलेली, तिसरं टोक पुढं. अनवाणी चालत बांधापासून सुरुवात केली. विहिरीच्या जुन्या खड्ड्याजवळ आला तशी फांदीनं खाली झोल घेतला. मी अगदी शेजारून बघत होतो. मनगटं वळत नव्हती, बोटं पांढरी पडलेली, आणि फांदीची साल मुठीत पिळवटून निघालेली. नंतर तळहातावर नारळ आडवा ठेवून तो फिरला, तिथंच नारळ उभा राहिला. दगड रोवला, कुंकू लावलं. बोअरची गाडी आली, तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. पैसे गेले ते गेले, वर भावकीत बोलणी.

माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. त्याचा स्वतःचा फांदीवर विश्वास होता. मग ती वळते कशी?

पार्कचौक

@काळीभोरमाती, ती खरंच वळते आणि तोच वळवतो, फक्त त्याला कळत नाही. मुठी अशा ताणून धरलेल्या असतात की मनगट केसभर हललं तरी फांदी फाडकन खाली येते. नकळत होणाऱ्या अशा हालचालींना विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं 1852 मध्ये 'आयडिओमोटर' हे नाव दिलं. माणूस जिथं पाणी असेल असं मनातून समजतो, तिथं हात हलतात. जुन्या विहिरीजवळच फांदी झुकली, हे तुम्हीच लिहिलंय बघा.

पेशानं भूजलाशी संबंध आहे म्हणून थोडं सांगतो. आपल्याकडं खाली बेसाल्ट आहे, दख्खनचा काळा पाषाण. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. भेग लागली तर पाणी, नाही तर शेजारी दहा फुटांवर कोरडं. अशा जमिनीत कुणीही दगड रोवला तरी अधूनमधून पाणी लागणारच, आणि लागलेलंच लोकांच्या लक्षात राहतं. नीट मांडणी करून पाणाड्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्यात, त्यांत नुसत्या योगायोगापेक्षा बरा निकाल ठामपणे दिसलेला नाही. बोअर घेण्याआधी ओढ्याची दिशा, आसपासच्या विहिरींची पातळी आणि जमलं तर विद्युत रोधकता चाचणी, एवढं तरी बघा.

शेंगाचटणी

पार्कचौक, हे वरच्या बाजूला चिकटवून ठेवावं असं लिहिलंय.

सातरस्ता

पाणाड्या झाला, आता नंदीबैल घ्या! "पाऊस पडंल का?" गुबुगुबु. "पोरीचं लगीन जमंल का?" गुबुगुबु. बाळीवेसकर, वासराच्या आधी त्याच्या काकाला शब्द द्या.

यल्लम्माचीपेठ

आणि पोपटवाला राहिला. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येतो, चिठ्ठी ओढतो, परत आत. त्याला काय म्हणायचं?

पोथीपुराण

पोपटाला दोन शब्द लागतील. पक्ष्यांवरून बघणं म्हणजे ऑर्निथोमॅन्सी, 'ओर्निस' म्हणजे पक्षी. चिठ्ठीचा भाग क्लेरोमॅन्सीत जातो, 'क्लेरोस' म्हणजे चिठ्ठी, फासा, वाट्याला आलेलं दान. देवाला कौल लावतो तेही यातच बसवता येईल.

आणि कार्टोमॅन्सी, पत्त्यांवरून बघण्याची, हिचं पुढचं तोंड फ्रेंच आहे आणि मागचं धड ग्रीक. अशी जोडगोळी क्वचितच.

आस्थापनाशाखा

क्लेरोसवरून एक सांगू द्या, कारण यात माझी आख्खी नोकरी आहे. 'क्लार्क' हा शब्द याच क्लेरोसपासून आला. बायबलच्या नव्या करारात जुदासच्या जागी बारावा शिष्य निवडताना चिठ्ठ्या टाकतात आणि मत्तियाचं नाव निघतं. पुढं ख्रिस्ती धर्मसेवकांना 'क्लेरिकस' म्हणू लागले. का, यावर मतं दोन-तीन आहेत, पण मूळ 'देवाच्या वाट्याचा' असं काहीसं. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे बहुतेक हेच लोक. म्हणून जो लिहितो तो क्लार्क.

अथेन्सवाल्यांचं तर सगळं चिठ्ठीवर चाले. पाचशे जणांची सभा चिठ्ठ्या टाकून निवडायची. त्यासाठी दगडात खाचा पाडलेलं एक यंत्रच होतं, 'क्लेरोतेरिओन'. त्याचे तुकडे अथेन्सच्या उत्खननात मिळालेत. नशिबानं दिलेलं काम म्हणजे क्लेरोस. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

भुईकोट

आस्थापनाशाखा काका, हे फारच छान. चिठ्ठी टाकून प्रतिनिधी निवडणं ही कल्पना मला पटते. माझा आक्षेप अंजनापुरता कायम.

होटगीरोड

डॉर्मन्सी पण यातच का? आणि रोमान्स?

पोथीपुराण

दोन्ही नाहीत. डॉर्मन्सी लॅटिन 'डॉर्मिरे', म्हणजे झोपणे, यातून. रोमान्स रोमवरून. कानाला सारखं वाटतं एवढंच.

ताम्रपट

कुणी रमल काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. जिओमॅन्सी या शब्दाचा आपल्या रमलाशी थेट संबंध आहे. अरबीत 'रम्ल' म्हणजे वाळू, 'इल्म अर-रम्ल' म्हणजे वाळूची विद्या. वाळूत भराभर ठिपके मारायचे, सम-विषम मोजायचे आणि चार ओळींच्या सोळा आकृत्यांतून उत्तर काढायचं. बाराव्या शतकात अरबी पोथ्या लॅटिनमध्ये जाऊ लागल्या तेव्हा या विद्येला 'जिओमान्तिया' हे तयार नाव मिळालं. 'गे' म्हणजे भूमी. तीच विद्या पूर्वेकडे आली आणि आपल्याकडे रमलाचे फासे झाले. युरोपची जिओमॅन्सी आणि आपला रमल एकाच अरबी आईची लेकरं.

आता एक गोष्ट सांगतो, डॅक्टिलिओमॅन्सीची. 'दाक्तिलिओस' म्हणजे अंगठी. रोमन सम्राट वालेन्सच्या काळात, इसवी सन 371-72 च्या सुमारास, काही जणांनी गुपचूप एक तिपाई तयार केली. वर धातूची थाळी, तिच्या कडेनं ग्रीक मुळाक्षरं, आणि त्यावर दोऱ्यानं टांगलेली अंगठी. विचारलं, वालेन्सच्या मागून सम्राट कोण? अंगठी झुलत झुलत एकेका अक्षरावर थांबली: थीटा, एप्सिलॉन, ओमिक्रॉन. पुढचं अक्षर डेल्टा येताच जमलेल्यांतला एक ओरडला, थिओडोरस! पुढं विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. बातमी फुटली. थिओडोरसला मारलं, विचारणाऱ्यांना मारलं, आणि मग संशयावरून कितीतरी लोकांचे छळ झाले, पुस्तकं जाळली गेली. अम्मिआनुस या त्याच काळातल्या इतिहासकारानं हे सविस्तर लिहून ठेवलंय.

वालेन्स 378 मध्ये अॅड्रियानोपलच्या लढाईत मेला. 379 मध्ये पूर्वेच्या गादीवर आला तो थिओडोसियस. पहिली चार अक्षरं तीच.

सातरस्ता

अंगावर काटा आला ओ!

पार्कचौक

गोष्ट जबरदस्त आहे. पण 'थिओ' म्हणजे देव, आणि त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं तेव्हा ढिगानं होती. आपल्याकडं 'रा' आणि 'म' आलं तर निम्म्या गावावर संशय जाईल. शिवाय अंगठी दोऱ्यानं कुणीतरी धरलेली. काळीभोरमातींचा पाणाड्या आठवा.

ताम्रपट

मान्य. आणि लिहिणारानं लिहिलं तेव्हा थिओडोसियस गादीवर होता, हेही विसरू नये.

गुळवंची

मी कानडी घरातला, म्हणून थोडं वेगळं लिहितो. 'मान्तिस' शब्दाच्या मुळाशी 'मनिया' आहे, वेड, उन्माद, असं प्लेटोनं 'फीड्रस' मध्ये सांगितलंय. त्याचं म्हणणं, जुने लोक भविष्यविद्येला 'मानिके' म्हणत, नंतरच्यांनी मध्ये 'त' घुसडून 'मान्तिके' केलं. 'त' घुसडल्याचं भाषाशास्त्रज्ञ तसंच्या तसं घेत नाहीत, पण दोन्ही शब्द विचार, मन या अर्थाच्या एका धातूकडे जातात असं बहुतेक मानतात. आपलं मनस्, मति, मंत्र त्याच कुळातलं.

म्हणजे खरा मान्तिस तो ज्याच्या अंगात येतं. हे ऐकल्यावर मला आमच्याकडचं मैलारचं कार्णिक आठवतं. मैलारलिंगाच्या यात्रेत उपास धरलेला गोरवय्या, म्हणजे देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढतो, लाखभर माणूस एका क्षणात गप्प होतं, आणि तो एकच वाक्य बोलतो. मग वर्षभर लोक त्याचा अर्थ लावत बसतात. महाराष्ट्रात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते, तीही तशीच. तिथं माणूस बोलतो, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत मुकं जनावर. म्हणून आपली भाकणूक मला जास्त जवळची वाटते. वासराला कुणाची मर्जी राखायची नसते.

अक्का_अक्कलकोट

किती छान बोललात.

भूलतज्ज्ञ

@गुळवंची, म्हणूनच तो किडा! पुढचे दोन पाय जोडून नमस्कार केल्यासारखा बसतो, प्रार्थनाकीटक. त्याचं इंग्रजी नाव मँटिस. ग्रीकांनी त्या बसण्यावरूनच त्याला भविष्यवेत्ता म्हटलं.

ताम्रपट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपाशी जनावरापुढं खाणं ठेवून बघण्याची पद्धत रोमन सैन्यात होती. पिंजऱ्यातून पवित्र कोंबड्या बरोबर न्यायच्या, लढाईआधी दाणे टाकायचे. हावरटासारखं खाल्लं तर शुभ. इसवी सनपूर्व 249 मध्ये द्रेपाना इथं आरमारी लढाईआधी कोंबड्या खाईनात, तेव्हा सेनापती क्लॉडियस पुल्खर म्हणाला, खात नाहीत तर पिऊ देत, आणि त्या समुद्रात फेकल्या असं सांगतात. लढाईत त्याचा दणदणीत पराभव झाला. मूळ लॅटिन रिवाज आहे, पण कोंबड्याच्या दाणे टिपण्यावरून बघण्याला ग्रीक शब्द अलेक्ट्रिओमॅन्सी. वासराच्या पद्धतीला रीत म्हणून सगळ्यांत जवळचं नातं हे.

शब्द म्हणून मात्र कोशात मिळतो तो थेरिओमॅन्सी, जनावरांच्या हालचालींवरून बघणं. 'थेरिओन' म्हणजे जनावर, मुख्यतः रानटी.

बाळीवेसकर

थेरिओमॅन्सी! पण रानटी जनावर म्हटलं की सिद्धेश्वराच्या वासराला शोभत नाही. ग्रीकात वासराला काय म्हणतात?

पोथीपुराण

'मोस्खोस'. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर 1864 मध्ये एक पुतळा सापडला, इसवी सनपूर्व 570 च्या आसपासचा. दाढीवाला माणूस, खांद्यावर वासरू, वासराचे चारही पाय त्यानं छातीवर धरलेले. माणसाचे हात आणि वासराचे पाय मिळून छातीवर एक फुली होते. देवीला वाहायला नेतोय. त्या पुतळ्याचं नाव मोस्खोफोरोस, वासरू वाहणारा. तेव्हा घडवायचाच तर शब्द होईल मॉस्कोमॅन्सी.

शेंगाचटणी

लोकांना वाटेल रशियाच्या राजधानीत गड्डा भरतो.

सातरस्ता

भरू दे की! हुरडा पाठवू.

गुळवंची

माझं मत, लेखात 'भाकणूक' हाच शब्द रोमन लिपीत ठेवावा. एकदा समजावून सांगा आणि पुढं तोच वापरा. करुणा भाकतो त्यातलं भाकणं त्यात आहे, भाकीत त्यात आहे. ग्रीक शब्दात ते येणार नाही.

आस्थापनाशाखा

गुळवंचींशी सहमत. पण वर्गवारी म्हणून थेरिओमॅन्सी एकदा लिहावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

बाळीवेसकर

दोघांचंही घेतो. मथळ्यात भाकणूक, पहिल्या परिच्छेदात थेरिओमॅन्सी, आणि रोमन कोंबड्यांचा दाखला ताम्रपटांच्या सल्ल्यानं. मॉस्कोमॅन्सी आपण घडवलेला म्हणून तसं स्पष्ट लिहून तळटीपेत देतो. भुईकोट, वासराच्या उपासाबद्दलचा तुमचा आक्षेपही लेखात एका वाक्यात येईल.

भुईकोट

धन्यवाद. लेख झाला की दुवा द्या.

होटगीरोड

शेवटचं एक. ताम्रपटांच्या गोष्टीतली 'दाक्तिलिओस' आणि टेरोडॅक्टिल, तो उडणारा सरडा, यांचा काही संबंध?

पोथीपुराण

आहे. 'दाक्तिलोस' म्हणजे बोट, बोटात घालायची ती 'दाक्तिलिओस'. 'प्तेरोन' म्हणजे पंख. टेरोडॅक्टिल म्हणजे पंख-बोट्या, कारण त्याचा पंख एकाच लांबलचक बोटावर ताणलेला असतो. तोच 'प्तेरोन' हेलिकॉप्टरमध्येही आहे. 'हेलिक्स', म्हणजे मळसूत्र, अधिक 'प्तेरोन'. लोक 'हेली' आणि 'कॉप्टर' असं तोडतात, खरी फोड 'हेलिको' आणि 'प्टर' अशी आहे.